बाळ गेलं, आता त्या घरी कशी जाऊ?

पत्र :

ताई, मी पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात आशा स्वयंसेविका आहे. माझ्याकडच्या एका पाड्यावर एकीची प्राथमिक आरोग्य केंद्रात डिलिव्हरी झाली. बाळ एक किलो नऊशे ग्रॅमचं होतं. तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा दूध ओढत होतं. सातव्या दिवशी गेले तर अंग गार, रडणं बारीक आणि दूधही ओढेना. मी लगेच दवाखान्यात चला म्हटलं. सासू म्हणाली, आधी भगताला दाखवू. बाळाचा बाप भिवंडीला कामावर होता, त्याचा फोन लागेना. मी गाडी बोलावली. गाडी आली, पण कुणी बसलं नाही. नवव्या दिवशी पहाटे बाळ गेलं.

तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तू काय करत होतीस?" माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आता पाड्यावर बायका माझ्याकडे बघून बोलायच्या थांबतात. त्याच पाड्यावर आणखी एकीला आठवा लागलाय आणि ती माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. घरी आमचे हे म्हणतात, सोडून दे असलं काम. माझं चुकलं का? त्या घरी आता कोणत्या तोंडाने जाऊ? काम सोडू का?

— एक आशा, पालघर जिल्हा

उत्तर :

बाई ग, तुझे तीन प्रश्न आहेत. त्यातला मधला मी आधी घेते, कारण त्याला थांबायला वेळ नाही.

त्या घरी जा. हे उत्तर वाचशील त्याच दिवशी जा. बाळ गेलं, पण ती अजून बाळंतीण आहे, आणि हे सगळ्यांच्या आधी विसरलं जातं. बाळाच्या नावाचा फॉर्म बंद झाला की घरातल्यांना वाटतं, आता आशाताईचं इथे काय काम? कधी कधी आपल्यालाही तसंच वाटतं. पण तिचे बेचाळीस दिवस अजून चालूच आहेत. अंगावरून जास्त जाणं, ताप, घाण वास, डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, हे सगळं मूल मांडीवर असलेल्या बाईला होतं तसंच मांडी रिकामी झालेल्या बाईलाही होतं. फरक एवढाच की हिच्याकडे बघायला कुणी येत नाही.

आणि तिला दूध येत असेल. याबद्दल तिला कुणी काही सांगितलेलं नसणार. छाती दगडासारखी होते, ठणकते, रात्री कपडे भिजतात, आणि प्रत्येक वेळी बाळ आठवतं. तिला सांग, नीट बसेल असा घट्टसर कपडा घाल, पण आवळून बांधू नकोस. थंड पाण्यात भिजवलेलं फडकं ठेव. फारच दुखलं तर हाताने दाबून आराम पडेल इतकंच दूध काढ, सगळं रिकामं करू नकोस, म्हणजे हळूहळू दूध आटतं. सिस्टरकडून पॅरासिटामॉल घेता येईल. एका जागी लाल झालं, तिथे गरम लागलं आणि थंडी वाजून ताप आला तर आरोग्य केंद्रात न्यायचं. लोहाच्या गोळ्या चालूच राहू देत. बाळ गेल्यावर त्या गोळ्यांची पुडी फळीवर पडून राहते, हे मी किती घरांत पाहिलंय.

जाताना रजिस्टर पिशवीतच राहू दे. उंबऱ्यात बसलीस तरी चालेल. पहिलं वाक्य काय बोलू, असं तुला वाटत असेल. "बाळासाठी वाईट वाटतंय, तुला बघायला आले" एवढं पुरे. "देवाची इच्छा", "पुन्हा होईल", "तुम्ही ऐकलं नाही ना", यातलं काहीच तोंडातून काढू नकोस, तिसरं तर अजिबातच नाही. सासू बोलेल किंवा रडेल, कदाचित तुझ्यावर ओरडेलही. ओरडली तर ऐकून घे. तिने नातवंड गमावलंय, आणि गाडीत न बसण्याचा निर्णय तिच्या तोंडून निघाला होता. ते ओझं तुझ्या ओझ्याहून हलकं नाही.

पाळणा लांबवण्याचं पहिल्या भेटीत काढू नकोस. पण बेचाळीस दिवस व्हायच्या आत, ती एकटी सापडेल तेव्हा, नक्की बोल. मूल गेलेल्या घरात लगेच दुसऱ्याची घाई होते. बाईचं अंग भरून यायला निदान दोन वर्षं हवीत. नाहीतर पुढचं बाळही कमी वजनाचंच येण्याची भीती असते.

आता तुझं चुकलं का, याबद्दल.

बाळ तुझ्यामुळे गेलं नाही. तुला बरं वाटावं म्हणून मी हे लिहीत नाहीये, तू जे सांगितलंस त्यावरून सांगतेय. अंग गार पडलं, ओढणं कमी झालं, रडणं बारीक झालं. नवजात बाळात जंतुसंसर्ग किंवा थंडावा शिरल्याची हीच तर लक्षणं, आणि ती तू सातव्या दिवशी पाहताक्षणी ओळखलीस. त्याच घटकेला दवाखाना म्हणालीस आणि गाडीही बोलावलीस. याहून जास्त मोठ्या पदव्यांच्या लोकांनाही करता आलं नसतं.

बाळ जन्मल्यावर घरी जाऊन तू ज्या सहा भेटी देतेस त्यांची मुळं आपल्याच महाराष्ट्रात आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. वजन करायचं, ऊब द्यायची, श्वास मोजायचे, आणि घरच्यांनी दवाखान्याला नाही म्हटलं तर इंजेक्शनही द्यायचं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल आला. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे २०११ मध्ये देशभरातल्या आशांसाठी घरच्या भेटींच्या सूचना निघाल्या त्या याच अनुभवातून. पण त्या ३९ गावांतही, इतकं शिक्षण आणि इतकी देखरेख असताना, हजारामागे पंचविसेक बाळं गेलीच. त्या घरांतही कुणी आरोग्यदूत तुझ्यासारखीच डोळे पुसत उठली असेल आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या बाळाचं वजन करायला गेली असेल.

आता पुढच्या वेळी काय वेगळं करता येईल ते सांगते. हे दोष म्हणून वाचू नकोस. ट्रेनिंगमध्ये या गोष्टी घाईघाईत उरकतात म्हणून सांगतेय.

तीन, सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस, बेचाळीस, हे दिवस आपल्याला पाठ असतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी या कमीत कमी भेटी. अडीच किलोच्या खालच्या बाळाला, त्यातही दोनच्या खालच्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवसामधले चार दिवस फार लांब असतात. असं बाळ आलं की पहिला आठवडा रोज डोकावून यायचं. पाडा लांब असेल तर अंगणवाडीताई, सुईण, शेजारची शिकलेली मुलगी, कुणालातरी तीन गोष्टी शिकवून ठेव: पाय गार का, पोट गार का, दूध ओढतं का. हाताच्या मागच्या बाजूने तळपाय आणि पोट चाचपायचं. पाय गार पण पोट कोमट असेल तर थंडी शिरायला लागलीय, लगेच आईच्या छातीशी धरायचं. पोटही गार लागलं तर घरी थांबायचं नाही.

छातीशी धरणं म्हणजे कांगारू पद्धत. ट्रेनिंगमध्ये चित्र दाखवून पुढे जातात, पण कमी वजनाच्या बाळासाठी घरी करता येण्याजोगं याहून मोठं काही नाही. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात, काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून डॉक्टरांनी हे सुरू केलं. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसातले आठ ते चोवीस तास, जितका जास्त वेळ तितकं चांगलं. अंगाला अंग, मध्ये कपडा नाही, बाळाच्या डोक्यावर टोपी, पायात मोजे, वरून लुगडं गुंडाळायचं. आई थकली की आजीने घ्यायचं, बापानेही घ्यायचं. आजीला हे काम दिलंस ना, तर ती तुझ्या बाजूची होते. नुसतं 'धुरी देऊ नका, अंघोळ घालू नका, गुटी देऊ नका' असं सांगत राहिलीस तर तिच्या हातातलं सगळं काढून घेतल्यासारखं होतं. म्हातारीला बाळासाठी काहीतरी करायचं असतं. तिला बाळ छातीशी धरायला दे, आईने काढलेलं दूध बोंडल्याने पाजायला दे, दर दोन तासांनी बाळाला उठवायची जबाबदारी दे. लहान बाळ भुकेने रडत नाही, झोपून राहतं, आणि घरात सगळे म्हणतात किती गुणी बाळ आहे. ते त्याला उठवणारी आजी पाहिजे.

आता घरच्यांचा नकार. गाडी आली आणि कुणी बसलं नाही, यावर मी बराच वेळ थांबले.

आपण नकाराला अडाणीपणा म्हणून मोकळे होतो. मी एवढी वर्षं आरोग्य सहायिका म्हणून पाडे फिरले आणि माझं पक्कं मत झालंय की नकारामागे बहुतेक वेळा हिशेब असतो. घरातली बाकीची दोन पोरं कुणी सांभाळायची? शेळ्या कुणी बघायच्या? बाप घरी नाही, त्याला न विचारता बाळ नेलं आणि काही झालं तर तोंड कुणाला दाखवायचं? मोठ्या दवाखान्यात आपली बोली कुणाला कळत नाही, खेकसतात. आईला तिथे खायला काय? आणि एक भीती कुणी बोलून दाखवत नाही: बाळ तिकडेच गेलं तर घरी कसं आणायचं? न्यायला गाडी येते, पण परत यायचं कसं? म्हणून "चला" म्हणून झाल्यावर पुढचा प्रश्न "का नाही?" हा असतो. तो विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. एका कारणाला एक तोड निघते. पोरं शेजारणीकडे राहतील, शेळ्या दीर बघेल. बाळ वर्षाचं होईपर्यंत सरकारी दवाखान्यात उपचार, औषध, जाणं आणि परत येणं, सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात फुकट आहे, हे कागदावरून वाचून दाखव, तोंडी सांगण्यापेक्षा कागद भारी पडतो.

भगताशी भांडू नकोस. तो गावाचा माणूस आहे आणि उद्या त्याचीच सून तुझ्या यादीत असेल. पुढच्या बाळंतपणाआधीच त्याच्याकडे जाऊन ये. सांग, "बाबा, गार पडलेलं, दूध न ओढणारं बाळ तुमच्याकडे आणलं तर तुमचं काय ते गाडी येईपर्यंत करा आणि तुम्हीच त्यांना गाडीत बसवा." मानाने विचारल्यावर असा शब्द देणारे भगत मी पाहिलेत. त्याने एकदा सांगितलं की घर हलतं, मग आपल्याला वीसदा सांगावं लागत नाही.

आणि एवढं करूनही नाहीच म्हणाले तर? तर त्याच घटकेला सिस्टरला फोन. ही गोष्ट प्रत्येक आशाला माहीत असायला हवी. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला गंभीर संसर्गाची लक्षणं दिसली तर एएनएम, म्हणजे आपली सिस्टर, जेंटामायसिन या जंतुनाशकाचं पहिलं इंजेक्शन आणि तोंडातून अमॉक्सिसिलिन देऊन पुढे पाठवू शकते. आणि घरचे जायला तयारच नसतील, किंवा जाणं शक्यच नसेल, तर सात दिवसांचे उपचार तिथेच पुरे करू शकते. दवाखान्याची बरोबरी याला नाही. पण काहीच न होण्यापेक्षा हे कितीतरी बरं. तेव्हा घरच्यांच्या नकारापाशी आपलं काम संपत नाही. या महिन्याच्या बैठकीत तुझ्या सिस्टरला विचार, उपकेंद्रात ही औषधं आत्ता आहेत का. नसतील तर गटप्रवर्तकेकडून, म्हणजे तुमच्या आशांच्या पर्यवेक्षिकेकडून, लेखी मागणी घाल.

त्या बैठकीबद्दल मला राग आलाय, तो लपवत नाही. बालमृत्यूचं अन्वेषण हे कारण शोधण्यासाठी असतं. कुणावर ठपका ठेवायचा नाही, हे त्या पद्धतीचं मूळ आहे. हे वाचणारे कुणी वैद्यकीय अधिकारी असतील तर त्यांना हात जोडून सांगते: ज्या आशाने मृत्यू स्वतःहून कळवला, तिला चारचौघांत झापू नका. आज झापलंत तर उद्या तोच मृत्यू तुमच्याकडे 'मृत जन्म' म्हणून येईल किंवा येणारच नाही. आकडा सुंदर दिसेल आणि बाळं जातच राहतील. तिला विचारायचा प्रश्न असा आहे: गाडी किती वाजता बोलावली, किती वाजता आली, नाही म्हणाले तेव्हा तू कुणाला फोन केलास, आणि आमच्याकडून काय मिळालं असतं तर ते बाळ वाचलं असतं?

तू या प्रश्नांची उत्तरं आजच एका कागदावर लिहून काढ. कुणी विचारो न विचारो. तारीख, वेळ, काय पाहिलंस, काय सांगितलंस, ते काय म्हणाले. पुढच्या बैठकीत गटप्रवर्तकेला शेजारी बसव आणि तो कागद वाचून दाखव. आवाज कापला तर कापू दे. तुझा भेटींचा फॉर्म पूर्ण भरलेला असेल तर चांगलंच, पण फॉर्ममध्ये गाडीत न बसलेल्या माणसांचा रकाना नसतो. तो तुझ्या कागदावर असेल.

आता ती आठवा लागलेली. बाई, सगळ्यात घाई इथे आहे.

दिवाळीला फार दिवस नाहीत. भट्टीमालकाकडून उचल घेतली आहे का ते आधी विचार. घेतली असेल तर नवरा जाणारच, आणि त्याला थांबवत बसण्यात तुझी ताकद जाईल. प्रश्न तिचा आहे. तिला मागे ठेवता येईल का? सासू किंवा माहेर सांभाळेल का? आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघराची सोय आहे. बाळंतपणाआधीचे दिवस तिथे राहायचं, सोबत एक नातेवाईक आणि लहान मूलही राहतं. तुझ्या केंद्रात ते चालू आहे का, आत्ता खाट मिळेल का, स्वतः जाऊन बघून ये. घरच्यांना सांगायला जाण्याआधी बघ, नंतर नको. तू शब्द दिलास आणि खोलीला कुलूप निघालं, तर या घरात तुझं पुन्हा कुणी ऐकणार नाही.

जायचंच ठरलं तर तिला तशीच जाऊ देऊ नकोस. निघण्याआधी हिमोग्लोबिन, बीपी, वजन, लघवीची तपासणी. महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायांची डॉक्टरांकडून तपासणी असते, ती चुकवायची नाही. हिमोग्लोबिन सातच्या खाली किंवा बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर असेल तर भट्टीचा विषयच बंद, मग सिस्टरला आणि डॉक्टरांना घरी आण. गोळ्या पुरतील इतक्या बांधून दे. माता-बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हातात दे, नवऱ्याच्या नको. भट्टी कुठल्या गावाच्या हद्दीत आहे ते विचार, तिथल्या आशाचा नंबर गटप्रवर्तकेकडून काढ आणि तिच्यासमोर फोन लावून दोघींचं बोलणं करून दे. अंगणवाडीताईला स्थलांतराची नोंद करायला सांग, म्हणजे तिकडच्या अंगणवाडीतून आहार मिळायला वाट राहील. आणि १०२, १०८ हे रुग्णवाहिकेचे दोन नंबर तिला तोंडपाठ करायला लाव, कारण त्या फोनमध्ये चार्जिंग असेलच असं नाही, दुसऱ्याच्या फोनवरून लावावा लागेल.

एक सुचवते. या आठवा लागलेलीच्या घरी पुढे कधी जाशील तेव्हा त्या गेलेल्या बाळाच्या आजीला बरोबर येशील का, असं विचारून बघ. लगेच नको, थोडे दिवस जाऊ देत. ती नाही म्हणाली तर पुन्हा विचारू नकोस. पण आली, तर गाडीत का बसायचं हे त्या घराला तुझ्यापेक्षा ती जास्त सांगू शकेल.

राहिला काम सोडण्याचा प्रश्न. तुमच्या ह्यांचं म्हणणं मी वाईट मानत नाही. रात्री-अपरात्री बायको पाड्यावर जाते, हातात पडतो तो मोबदला, आणि वर चारचौघांत बोलणी खायची. एका बाळाच्या सहा भेटी पूर्ण झाल्यावर अडीचशे रुपये. हे काम नोकरीसारखं करायचं आणि म्हणवून घ्यायचं स्वयंसेविका, हे मला कधीच पटलं नाही. तब्येत, घर, पैसा, यातल्या कशासाठीही सोडलंस तरी तुला कुणी बोल लावू नये, मी तर लावणार नाही. पण त्या सातव्या दिवसाच्या ओझ्याखाली सोडू नकोस, आणि या महिन्यात तर नकोच. ह्यांना माझं हे उत्तर वाचायला दे. त्यांना विचार, त्या आठव्या महिन्यावालीचं बाळंतपण होईपर्यंत रात्री फोन आला तर टॉर्च घेऊन तुझ्याबरोबर पाड्यापर्यंत येतील का. पुढचं तिच्या बाळाला महिना झाल्यावर ठरवा.

झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तेच तेच डोळ्यांसमोर येत असेल आणि दोन आठवड्यांत उतार पडला नाही, तर तुझ्या केंद्राच्या डॉक्टरांना सांग किंवा १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीच्या, नंबरवर बोल. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. दुसऱ्या बाळंतिणीबद्दल तू हेच केलं असतंस.

माहेरघराची खाट आधी बघ. मग मला कळव.